दोघींचा मंगळवार

ह्यांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली, तेव्हापासून ह्यांना नोकरी लागावी म्हणून मी मंगळवार धरले होते. हे घरीच असायचे. समृद्धीच्या वेण्या वाकड्यातिकड्या घालायचे, तिला शाळेत सोडायचे, अभ्यास घेता घेता तिच्याशीच भांडायचे. मला मात्र पुढचा महिना कसा निघणार, या काळजीने झोप नव्हती.

आज समृद्धीनेही शाळेतून डबा तसाच परत आणला. संध्याकाळी आरती झाल्यावर मी कौतुकाने म्हणाले, "बघितलंत? पोरगी तुमच्यासाठी उपाशी आहे. आता बाप्पाला पावावंच लागेल."

ह्यांनी तिला जवळ घेतलं. "काय मागितलंस गं?"

"सांगितलं तर फळत नाही, पप्पा."

"अगं, पप्पाला सांगितलेलं चालतं."

ती त्यांच्या कानाशी लागली, पण मला ऐकू आलंच. "तुम्हाला नोकरी लागूच नये. लागली की तुम्ही परत फक्त झोपायला घरी येणार."

मी तिला रागावणार, तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. परवा मुलाखत दिली होती, तिथून होता. माझे हात आपोआप जोडले गेले.

"हो साहेब, उद्यापासून येतो." समृद्धीने त्यांचा शर्ट घट्ट धरला. ह्यांनी खाली तिच्याकडे बघितलं. पलीकडचे साहेब "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"साहेब, एक विचारायचं राहिलं." ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "संध्याकाळी किती वाजता सोडता?"

उत्तर यायच्या आत मी डोळे मिटले. बाप्पा, आता दोघींचंही ऐक रे.