भिगवणचं बोलावणं

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि दुपारच्या शांततेत कितीतरी वेळ गरगरत राहिलं.

साखरबाईंनी ते उचललंच नाही. नुसता डबा हातात धरून त्या सुनेला म्हणाल्या, "स्वरूपा, रविवारी भिगवणला येतीस का? नावंत बसू. पाण्यावर पक्षी आल्यात म्हणं."

लसूण सोलता सोलता स्वरूपा थांबली. लग्नाला सात वर्षं झाली, पण सासूबाईंच्या तोंडून 'चल, जाऊ' हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. कन्हेरीच्या या घरात दिवस म्हशीच्या वेळेवर उगवायचा आणि म्हशीच्याच वेळेवर मावळायचा. आवतण बारशाचं असो की जत्रेचं, साखरबाईंचं उत्तर ठरलेलं: "आन् धारा काय पाव्हणं काढणार व्हय?"

"आन् धारा?" आज हे स्वरूपाला विचारावं लागलं.

"शेजारच्या छबूबाईला सांगितलंय. एक डाव आपुन नसलो म्हणून म्हस काय कोर्टात जात न्हाय."

"पण जायचं कुणाकडं?"

"जयवंतराव न्हाईत का, दुधाच्या गाडीवर व्हते आपल्याकडं? लई दिवस बोलवत्यात."

एरवी स्वरूपानं उडीच मारली असती. आज मात्र तिला या बोलावण्याची भीतीच वाटली.

महिनाभर सासूबाईंचं काहीतरी चाललं होतं. त्यांची म्हैस मारकी, त्या आणि छबूबाई सोडून कुणाला आचळाला हात लावू द्यायची नाही. त्यांनी स्वरूपाला शेजारी बसवून तिची धार काढायला शिकवलं. "तुझा हात वळखू दे तिला. मी काय जन्माला पुरणार हाय?" मग ट्रंकेतली बोरमाळ काढून तिच्या ओंजळीत ठेवली. "तुझ्या सासऱ्यांनी केलेली, ते गेल्यापासनं घातली न्हाय. आता तूच घाल." आणि परवा छबूबाईनं त्यांना बारामतीत दवाखान्याच्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "वाणसामान आणाया गेलते." पिशवी तर रिकामी होती.

स्वरूपाची आई ती चौथीत असताना गेली. शेवटी शेवटी तीही असंच मागायची. मला नदी दाखवा, मला उसाच्या फडात न्या. या घरात आल्यावर ज्या माणसाला तिनं मनातल्या मनात आई म्हटलं, तेही आता मागायला लागलं होतं.

नवरा कंपनीतून आल्यावर तिनं विषय काढला. युवराज बूट काढत म्हणाला, "आई म्हणती तर जा की. मला ओव्हरटाइम हाय."

"येते आत्या," तिनं साखरबाईंना सांगितलं.

रविवारी एसटीत साखरबाई खिडकीशी बसल्या. अंजिरी साडी, मांडीवर सहा वर्षांची नात स्वराली.

जयवंतराव फाट्यापर्यंत न्यायला आले होते. डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळं काळा चष्मा. "या सूनबाई. आलात, लई बरं केलंत," ते म्हणाले आणि उगाचच दोनदा घसा खाकरला.

नाव पाण्यात शिरली. लांबवर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, उंच पायांचे, एकाला एक लागून. नाव जवळ जाताच सगळा थवा उठला आणि आभाळ गुलाबी झालं. स्वराली टाळ्या पिटायला लागली.

"भ्या वाटतंय का?" जयवंतरावांनी साखरबाईंना हळूच विचारलं.

"पाण्याचं न्हाय."

आणि मग साखरबाई हसल्या, तोंडाला पदर न लावता. त्या अशा हसतात हे स्वरूपाला सात वर्षांत ठाऊक नव्हतं. तिला रडूच आलं. पाण्याचे शिंतोडे पुसल्यासारखं करून तिनं डोळे पुसले.

घरी जयवंतरावांची सून सारजा चिलापी मासे तळत होती. बाकीची मंडळी ओट्यावर बसली, स्वरूपा हात लावायला आत गेली.

"तुमच्या आत्यांना तिखट सोसतं का वो?" सारजानं विचारलं.

"सोसतं की. का?"

"ठावं असावं आपलं. आन् उठत्यात कधी?"

"चारला."

"आगं बया! आमच्यात सातशिवाय कुणी कूस बदलत न्हाय." सारजा हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी काळजी करू नका. आमी नीट बघू त्यांच्याकडं. तुमाला जड जाणार, कळतंय मला."

स्वरूपाच्या हातातलं ताट कलंडलं. म्हणजे इथं सगळ्यांना माहीत होतं. इथंच कुठं जवळ उपचार असतील, म्हणून त्यांना इथं ठेवणार. आणि एका छपराखाली राहून तिलाच कुणी सांगितलं नव्हतं.

"किती दिवस हायत त्यांचं?"

"कुणाचं?"

"आत्यांचं. काय झालंय काय त्यांना? खरं सांगा."

सारजा उलथनं हातात धरून बघतच राहिली. "आवो, भलतंच काय बोलताय! काय व्हतंय त्यांना? ठणठणीत हायत. आमच्या मामांच्या डोळ्यापायी दिसभर दवाखान्यात बसल्या, तरी दमल्या न्हाईत."

स्वरूपा भिंतीला टेकून खाली बसली. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. ती रडता रडता हसत होती आणि सारजा तिला पाणी देत होती.

"मग नीट बघू म्हंजे..." तिनं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वराली धावत आत आली.

"आई, आजी तुला सांगायला लाजतीय. मला म्हणली, तूच जाऊन सांग. ह्या आबांसंगं आजीचं लगीन हाय."

खिडकीतून ओटा दिसत होता. साखरबाई पाण्याकडं तोंड करून बसल्या होत्या, पदर थेट नाकापर्यंत ओढलेला. शेजारी जयवंतराव, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे ताठ.

स्वरालीनं आईची हनुवटी धरून आपल्याकडं वळवली.

"मग आई, दिवाळीला आजी माहेराला आपल्याकडं येणार का गं?"