किडनीवर काहीतरी

"किडनीवर काहीतरी हवं होतं," मुलगी म्हणाली, आणि पंडितला हसू आवरेना.

काहीतरी! शरीरशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाकडे 'काहीतरी' मागायचं म्हणजे सोनाराकडे जाऊन पिवळं काहीतरी द्या म्हणण्यासारखं. पंडित हे नाव त्याला प्रशिक्षणवर्गानं चेष्टेनं ठेवलं होतं. त्यानं ते मानपत्रासारखं स्वीकारलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वैद्यक विभागासाठी विषयतज्ज्ञ ग्रंथपाल हवा होता. विषय तर पंडितला तोंडपाठ. तरीही नोकरीआधी हा वर्ग गळ्यात पडला होता. आणि वर्गात बाई शिकवायच्या काय, तर वाचकाला बोलतं कसं करावं. मागितलेलं पुस्तक काढून द्यायला आता गप्पांचं शिक्षण! उद्या दार कसं ढकलायचं तेही शिकवतील, असं तो चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवायचा. आज मात्र शेवटची परीक्षा होती. खरं टेबल, खरा वाचक आणि मागे खुर्ची टाकून बसलेल्या बाई. त्यांनी नापास केलं की नोकरी गेलीच.

"कुठल्या वर्षाला?" त्यानं विचारलं.

ती कला शाखेची निघाली. मग काय, बोलायलाच नको. किडनीचा सर्वांत लहान घटक कोणता, असं त्यानं मुद्दाम विचारलं. तिला येईना. एवढंही ठाऊक नाही आणि निघाली वैद्यकाची पुस्तकं वाचायला! त्यानं तीन जाडजूड ग्रंथ आणून तिच्यासमोर आदळले. रक्त कसं गाळलं जातं ते कागदावर काढून दाखवलं. वर दोन ताजे शोधनिबंध. मुलगी नुसती मान डोलवत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी, असं मनाशी म्हणत पंडितनं बाईंकडे विजयी नजरेनं पाहिलं. गुण कापायला त्यानं जागाच ठेवली नव्हती.

मुलीनं एक ग्रंथ उघडला, चाळला, मिटला. आभार मानून ती रिकाम्या हातानं निघाली. तेव्हा बाई उठल्या.

"थांब गं बाळा. नक्की काय बघायचं होतं तुला?"

मुलगी घुटमळली. पंडितच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"आईला माझी द्यायचीय, सोमवारी," ती म्हणाली. "खूप दुखतं का, एवढंच."