बेमालूम सांधा

"हरलो, आजोबा." तरुण वैमानिकाने तिसऱ्यांदा तुळईवरून हात फिरवला. "सांधा कुठे आहे, तुम्हीच सांगा."

सायलस डार्व्हिलची छाती फुगली. इंग्लंडमधल्या वायकम गावच्या या कारखान्यात त्याने चाळीस वर्षं कपाटं आणि खुर्च्या केल्या होत्या. महायुद्ध आलं, कपाटं थांबली, आणि त्याच जागेवर मॉस्किटो विमानांचे लाकडी पंख होऊ लागले. ते विमान म्हणे बॉम्ब टाकतं, शत्रूच्या विमानांशी झुंजतं, जहाजांच्या मागे लागतं, उंचावरून फोटोही काढतं. सायलसला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. लाकूड ओळखीचं, सरस तेवढा नवा. त्याच्या लेखी पंख म्हणजे एक आडवं, लांबलचक कपाट.

पेनफोल्ड नावाचा हा वैमानिक पंचविशीचाही नसेल. कामगारांना हुरूप यावा म्हणून त्याला कारखान्यात चहाला धाडलं होतं. समोरच्या पंखाची मुख्य तुळई तयार होती आणि उद्या तिच्यावर प्लायवूड चढायचं होतं. सायलसची मुलगी एनिड तिथेच उभी होती. ती तपासनीस, तिचा शिक्का बसल्याशिवाय पंख पुढे सरकत नसे. या तुळईवर तो सकाळीच बसला होता.

"हिलाही सापडला नाही तो," सायलस मुलीकडे बोट दाखवून म्हणाला. "लाकडाची पारख हिला मीच शिकवली, आणि आता माझ्याच कामावर शिक्के मारते."

एनिड हसली. सायलस मनातल्या मनात तिच्याहून जास्त हसत होता. काल रंधा जरा जास्त चालला होता आणि दोन तुकडे जुळताना मध्ये नखभर फट राहिली होती. त्याने भुसा सरसात कालवून केलेली लांबी, म्हणजे लुकण, त्या फटीत भरली आणि घासून अशी काही गुळगुळीत केली की लाकडाच्या रेघासुद्धा जुळून आल्या. चूक प्रत्येकाच्या हातून होते, ती दिसू देत नाही तो खरा कारागीर, असंच त्याच्या धंद्यात सगळे मानत आले होते. रविवारी जेवताना तो एनिडला हे सांगून चांगली चिडवणार होता.

कुणीतरी विचारलं, वर गेल्यावर कसं वाटतं. पेनफोल्डने चहाचा मग खाली ठेवला आणि दोन्ही हात पसरले. जहाजावर सूर कसा मारायचा, ते त्याने वाकून दाखवलं. मग एकदम ताठ होत त्याने हात वर उचलले.

"इथे ओढून वर घ्यायचं. तेव्हा माझं एकट्याचं वजन पाच माणसांचं होतं. आणि पंखांची टोकं अशी वर येतात, वाकून. सगळं लाकूड करकरतं, पण सोडत नाही. त्या भरवशावर तर आम्ही घरी येतो."

"वाकतात?" सायलसने विचारलं.

"वाकणारच की, आजोबा."

"पण फोटो काढणारी विमानं... ती तर सरळच जात असतील."

"मागे कुणी लागलं की तीही सूर मारतात. आणि पंख सगळ्यांना सारखाच. हा कुणाच्या वाट्याला जाईल, काय सांगावं. माझ्याही जाईल."

सायलसने तुळईकडे पाहिलं. त्याने केलेली कपाटं भिंतीला टेकून उभी राहत. त्यांना कधी वाकावं लागलं नव्हतं, आणि पंखाला वाकावं लागतं हे एवढ्या दिवसांत त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. लांबी वाकत नाही. लांबी तडकते. हे त्याला विसाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

आता पेनफोल्ड एनिडची थट्टा करत होता आणि बाकीचे हसत होते. सायलसला काहीच ऐकू येत नव्हतं. गप्प बसलं तर उद्या प्लायवूड चढेल आणि कुणाला कधी कळणार नाही. बोललं तर चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल, आणि शिक्का एनिडचा होता, तिची नोकरीही जाईल. तो त्या पोराच्या मानेकडे पाहत राहिला. घट्ट कॉलरमुळे ती लालसर झाली होती.

मग त्याने लाकडी हातोडा उचलला आणि तुळईवर मारला. मुकादम गॅमन ओरडत धावला, म्हातारा बिथरला असंच त्याला वाटलं. दुसऱ्या घावाला बारीक चीर दिसली. तिसऱ्या घावाला लांबीचा सबंध पट्टा सुटून जमिनीवर पडला.

पेनफोल्डने पुढे होऊन फटीत नख घातलं, ते मुळापर्यंत आत गेलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हिचा दोष नाही," सायलस मुकादमाला म्हणाला. "मी हिच्यापासून लपवलं."

एनिड रडली नाही, रागावलीही नाही. तपासणीच्या वेळी ती परक्या कामगारांशी बोलायची, तसा तिचा आवाज झाला होता.

"बाबा, असे आणखी किती?"

एवढा एकच, असं म्हणायला सायलसने तोंड उघडलं होतं. पण ते मिटून त्याने उजवा हात पुढे केला आणि अंगठ्याने एकेक बोट मोजायला सुरुवात केली. डोळे मिटून, एकेक पंख आठवत. त्या हाताची बोटं संपली, तेव्हा त्याने डावा हात पुढे केला.