पाणचट रक्ताचा जावई

योगेश गोटमारीला घरात बसून राहिला, की केशवरावांचा दुहेरी फायदा होता. बोरगावचा संत्र्याचा बगीचा हातचा जात नव्हता आणि दिलदार सासरा हे नाव फुकटात पडत होतं.

लेक दामिनीने हट्टाने केलेल्या लग्नात, ऐन मांडवात त्यांनी जाहीर केलं होतं, "जावाईबापू ज्या पोळ्याला जाम नदीच्या पात्रात उभे राहतील, त्या पोळ्याला बगीचा त्यांच्या नावे!"

मांडवाने टाळ्या पिटल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात, पात्रातल्या झेंड्यासाठी; हीच गोटमार. केशवराव पांढुर्ण्याचे, योगेश सावरगावचा. त्याने तिथे उभं राहायला हरकत काय? हरकत एकच. त्याचं रक्त जन्मापासून गोठत नव्हतं. हे केशवरावांना बैठकीच्या आधीपासून ठाऊक होतं. असला माणूस दगडांत उतरणार नाही, एवढं कळायला डोकं लागत नव्हतं. जेवढं लागत होतं, तेवढं त्यांच्याकडे होतं.

दर पोळ्याला पुरणपोळी वाढताना ते विचारत, "काय जावाईबापू, यंदा तरी?" शेजारचा गुणवंता फिदीफिदी हसे. दामिनी ताटाकडे पाहत राही.

मग एका दुपारी योगेश सौंसरच्या शाळेतल्या नोकरीवरून रजा काढून, नागपूरहून परस्पर सासरी आला.

"मामाजी, नागपूरले औषध घेऊन आलो. नसेतून."

"कायचं?"

"विषाणूचं."

केशवरावांनी खुर्ची मागे सरकवली. "म्हंजे रोग टोचून आला?"

"नाई. तुमचा संत्र्याचा ट्रक पाहा. रस्ता त्याले पाठ राहते. विषाणूलेबी शरीरातला रस्ता पाठ असते. डॉक्टर लोकांनी त्याचा खराब माल उतरवला, रक्त गोठवाचा जीन भरला अन् लिव्हरले पाठवला. आता माल तिथंच तयार होईन."

"वा! आमच्या घरात लिव्हरवाले ट्रान्सपोर्ट!" केशवराव गुणवंताकडे वळले. "पाह्य रे, रक्त पाणचट होतं, आता त्यात किडे सोडले."

त्या दिवसापासून जावयाचा पेला वेगळा झाला. ओट्याच्या कडेला पालथा, कोणी चुकून उचलू नये म्हणून. केशवराव स्वतः मात्र सकाळची गोळी विहिरीच्या पाण्याशी घेत. हृदयाची झडप बदलल्यापासून ती चुकली नव्हती. चुकत होती ती रक्ताची तपासणी. "बाबा, गोळीचं प्रमाण पाहा लागते," दामिनी कानीकपाळी ओरडे. "दंडावर पाहा किती निळं पडलं." ते म्हणत, "पेटी लागली संत्र्याची. माझ्या रक्ताची तपासणी जामच्या पात्रात झाली आहे, पोरी." आणि कपाळावरची जुनी खूण दाखवत.

पाऊसकाळ आला, तेव्हा योगेशने दाढी करताना गाल कापून घेतला. तुरटी शोधेपर्यंत रक्त थांबलं होतं. नागपूरच्या रिपोर्टनेही तेच सांगितलं. डॉक्टरांनी जोडीला बजावलं: दगडधोंड्यांपासून दूर राहा.

"यंदा मी उभा राह्यतो," योगेशने सासऱ्याला सांगितलं.

"बगीच्यापायी?" केशवरावांनी विचारलं.

"बगीचा तुम्हीच ठेवा. दामिनीनं ताटाकडे पाह्यनं बंद केलं पाह्यजे, बस."

केशवराव रात्रभर कूस बदलत राहिले. बगीचा नको म्हणणारा माणूस त्यांना फार धोक्याचा वाटला. शेवटी त्यांना सुचलं. चारचौघांदेखत एक ओरखडा पुरे. रक्त वाहू लागलं की पळेल घरी, आणि पुन्हा पोळ्याला तोंड वर करणार नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ते स्वतः पांढुर्ण्याच्या काठावर उतरले. दामिनी आडवी आली. "बाबा, तुम्ही नका जाऊ."

"नवऱ्याले सांग हे. मले काहून सांगून राह्यली?"

समोर, गुडघाभर पाण्यात, योगेश उभा होता. केशवरावांनी मुठीतला गोटा नेम धरून सोडला. जावयाच्या भुवईवर तो बसला आणि रक्ताची धार गालावर आली.

"पाह्यजा रे!" केशवराव ओरडले. "फुटली पाण्याची टाकी!"

तेवढ्यात पलीकडून दगडांची सर आली. कोणाचा कोणाला लागला, हे गोटमारीत कोणी विचारत नाही.

दामिनी काठावरून धावली. रक्त थांबावं म्हणून जखमेत देवीच्या देवळातली राख दाबली, तिचा लाल चिखल होऊन वाहून गेला. पुन्हा दाबली, पुन्हा गेली. ओढणी भिजली. दवाखान्याच्या गाडीत घालेपर्यंत ओठ पांढरे पडले होते.

दवाखान्यात डॉक्टर पट्ट्यांवर पट्ट्या बदलत होते. "एवढुशी जखम, रक्त थांबत कसं नाही? रक्ताचा काही आजार?"

"आहे ना!" दाराशी उभा गुणवंता म्हणाला. "सगळ्या पांढुर्ण्याले माहीत आहे. जवायाचं रक्तच पाणचट."

"जावयाचं कोण विचारून राहिलं?" डॉक्टर खाटेवरच्या केशवरावांकडे बोट करत खेकसले. "ह्यांना गोळी कोणती चालू आहे?"

"रक्त पातळ करायची. झडपेसाठी," मागून योगेश म्हणाला. त्याच्या भुवईवरचं रक्त केव्हाच वाळून खपली धरत होतं.

केशवरावांच्या तेरवीनंतर बगीचा लिहून द्यायचा खर्चही वाचला. दामिनी एकुलती एक होती.