वहिनींची ओ

या, मायबापहो, अगदी जवळ सरकून बसा. भर दुपारची गोष्ट सांगतो.

डोंगरावरच्या उद्यानात एक कुटुंब पायवाटेने उतरत होतं. त्यांची रीतच होती: पुढून धाकट्या दिराने हाक मारायची, "शेपूट आहे का?" आणि सर्वांत मागच्याने ओ द्यायची, "आहे!" आज शेपूट म्हणजे मोठ्या वहिनी.

बुटाची नाडी बांधायला वहिनी वाकल्या. तेवढ्यात हाक आली. त्यांनी तोंड उघडण्याआधीच वळणापलीकडून ओ गेली, "आहे हो भाऊजी, पळून नाही गेले!"

सगळे हसले. आवाज वहिनींचाच होता.

"अहो, थांबा! मी इथे आहे!" त्या धावत सुटल्या. वळणावर कोणीच नव्हतं. पुढच्या वळणामागून पुन्हा हाक, पुन्हा त्यांच्याच आवाजात ओ. कितीही धावल्या तरी अंतर तसूभर कमी होईना.

अखेर झाडांतून खाली गाडी दिसली. वाट मात्र तिथवर पोचेचना. नवऱ्याने दार धरलं होतं. "बसलीस का गं?"

"बसले."

दार लागलं. वहिनींच्या किंकाळीला कोणी मानही वळवली नाही.

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा. घरी तिची उणीव कोणालाच भासत नाही.