काशीला काय सोडलं?

दारात आलेल्या कोळणीला मी नेहमीसारखी "नको गं, पुढे जा" म्हणत होते. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि तिच्या टोपलीतला एक ताजा बोंबील हातात धरून बघतच राहिल्या.

काशीला गेलं की आवडती वस्तू कायमची सोडायची, ही आमच्याकडची रीत. दिवाळीनंतर सासूबाई यात्रेहून परतल्या त्या "सोडून आले बाई" एवढंच म्हणाल्या. काय सोडलं, हे कुणी विचारलंच नाही. मासळीशिवाय ज्यांना घास उतरत नाही, त्या दुसरं काय सोडणार? मग त्यांच्यासमोर आम्ही तरी कसं खायचं? सासऱ्यांनी कोलेस्टेरॉल पुढे केलं, नवरा भूतदयेवर बोलायला लागला आणि मी वासाचं निमित्त केलं.

"घेऊ या का गं?" सासूबाईंचा आवाज रडवेला झाला होता. "तुम्ही सगळेच शाकाहारी झालात, म्हणून मी इतके दिवस गप्प बसले."

"पण तुम्हीच सोडलेत ना मासे?"

"मी? कधी?"

मी कोळणीची अख्खी टोपली उतरवून घेतली. दुपारी तव्यावर बोंबील चुरचुरले. नवऱ्याची भूतदया पहिल्या घासालाच संपली, आणि सासऱ्यांनी कोलेस्टेरॉलचं नावही काढलं नाही.

हात धुताना मी विचारलं, "मग काशीला सोडलंत तरी काय?"

"कारलं."

"कारलं आवडतं तुम्हाला?"

"फार. पण तुम्ही कुणी खात नाही, म्हणून या घरात कधी केलंच नाही. सोडायला सोपं गेलं."