वर माती नको

"बघच तू आता," ग्रेटा भावाच्या, लाइलच्या, कानाशी कुजबुजली. "हातचं काही विसरलेली नाही ती."

आर्डिसनं, त्यांच्या आईनं, फ्रिज उघडला. लोण्याच्या मागे, लोणच्याच्या बरणीला टेकून ओल्या वाळूची पिशवी होती. तिच्यात लाल कार्डिनलचं बी नाताळपासून पडून होतं. पाणथळीतलं फूल ते. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं फुटत राहतं, पण आधी थंडी खाल्ल्याशिवाय उगवायचं नाव घेत नाही. बाहेर ओढ्याकाठी अजून बर्फ होता.

लाइल बूट घालूनच टेबलाशी बसला होता. तो शहरात गालिचे विकायचा. त्याला बी काय आणि मोहरी काय, सारखीच. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती आणि आज हो की नाही ते कळवायचं होतं. आई गॅस चालू ठेवून बाहेर गेली, तेही दोनदा, हे त्याला शेजाऱ्यांकडून समजलं होतं. आई अजून घरी एकटी राहू शकते हे त्याला पटवायला ग्रेटाच्या हाती आता ही पेरणीच काय ती उरली होती.

"बूट काढ रे मेल्या, आत्ताच फरशी पुसलीय," आर्डिस म्हणाली. लाइलनं हसत बूट काढले.

तिनं ट्रेत माती दाबली, भिजवली. वाळूसकट बी चिमटीनं भुरभुरलं. हात जराही कापला नाही. ग्रेटाचा जीव भांड्यात पडला. आता तळहातानं हलकं थोपटलं की झालं. वर माती घालायची नसते, उजेडाशिवाय हे बी उगवत नाही. लहानपणी ग्रेटानं एकदा वर माती लोटली, तेव्हा आईनं हातावर फटका दिला होता. "पेरतेयस की पुरतेयस?"

आर्डिसनं बादलीतून ओंजळभर माती घेतली आणि बीवर पसरली. मग आणखी एक ओंजळ. कडा अंगठ्यानं नीट दाबून बसवल्या.

ग्रेटानं चटकन लाइलकडे पाहिलं.

"वा, आई! इतकं व्यवस्थित मला जन्मात जमायचं नाही." लाइल ग्रेटाकडे वळला. "तुझंच खरं. राहू दे तिला इथंच. कळवून टाकतो त्यांना."

त्यानं फोन काढला. ग्रेटा ट्रेमधल्या वरच्या मातीकडे बघत राहिली.

"नुसती उभी काय राहिलीस गं?" आर्डिसनं ट्रे तिच्या हातात दिला. "खिडकीत नेऊन ठेव. याला उजेड लागतो."